सात मिनिटं मागे

प्रार्थनागृहाच्या दारावर दगडात एक ओळ कोरलेली होती : ‘जो वेळेवर आला, तोच आला.’ ती कोणी कोरून घेतली हे आता कोणालाच नक्की सांगता येत नव्हतं, पण तिचा अर्थ गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही पाठ होता. दर शनिवारी संध्याकाळी आतलं मोठं घड्याळ सहाचे ठोके द्यायला लागायचं आणि सहावा ठोका विरायच्या आत दारवाला कडी घालायचा. बाहेर राहिला तो बाहेर, मग तो कोणी का असेना. एकदा खुद्द मंडळाचे अध्यक्षच बाहेर राहिले होते आणि पायरीवर बसून रुमालाने वारा घेत होते. ही गोष्ट लोक अजून चवीने सांगत.

त्या घड्याळाला चावी द्यायचं काम घड्याळजीकडे होतं. त्याचं दुकान प्रार्थनागृहाच्या पायऱ्यांच्या अगदी पायथ्याशी, एवढं अरुंद की गिऱ्हाईक आत आलं तर घड्याळजीला स्वतःचं स्टूल उचलून हातात धरून उभं राहावं लागे. दर शनिवारी दुपारी तो डोळ्यावरचं भिंग खिशात टाकायचा, एक्केचाळीस पायऱ्या चढायचा, घड्याळाची काच पुसायचा, चावी द्यायचा, लंबकाला कान लावून क्षणभर ऐकायचा आणि उतरायचा. हे काम त्याच्या बापाचं. बापाकडून चावी आली, पण देव काही आला नाही. देवाशी त्याचं भांडण नव्हतं, ओळखही नव्हती. शेजारच्या घरातल्या माणसाबद्दल असतं तसं : आहे म्हणतात, असेल.

बायकोचं तसं नव्हतं. ती मोठ्या इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला होती. ओल्या चादरी तापलेल्या रुळातून काढायच्या, घडी घालायची, मोजून पुढच्या पाळीच्या हवाली करायच्या. वाफेत समोरचं माणूस दिसायचं नाही. त्या वाफेत ती देवाशी बोलायची, तेही आडपडदा न ठेवता. अमक्या खाटेवरच्या म्हाताऱ्याची चादर आज तिसऱ्यांदा आली, जरा बघ त्याच्याकडे. मुकादमबाई उगाच चिडते, तिची कंबर दुखते का ते विचार. घरी येऊन ती हे नवऱ्याला सांगायची, जणू नळावर भेटलेल्या बाईशी झालेल्या गप्पा.

“मग तो काय म्हणाला?” घड्याळजी चिडवायचा.

“तो कशाला बोलेल? तुमच्यासारखाच आहे. मी बोलायचं आणि त्याने मान हलवायची.”

“अगं, धुलाईखान्यात भेटतोच की मग तुला. शनिवारी एवढं छाती फुटेस्तोवर धावत वर जायचं कशाला?”

यावर ती थांबून विचार करायची. तिला प्रश्न थट्टेचा वाटायचा नाही. “तिथे मी त्याला बोलावते,” ती म्हणाली होती. “वर तो मला बोलावतो. कोणी बोलावलं तर जायला नको?”

पण जायचं कसं? पाळी साडेपाचला सुटायची. चादरी मोजून द्यायला दहा मिनिटं, पुढे पंचवीस मिनिटांची वाट आणि शेवटी त्या पायऱ्या. कितीही पाय उचलला तरी सहा वाजून पाच व्हायचेच. लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत तीन शनिवार ती बंद दारापाशी पोहोचली. तिसऱ्या शनिवारी प्रार्थना संपली, दार उघडलं, आणि दाराला कपाळ टेकून उभी असलेली ती जवळजवळ तोल जाऊन आतच पडली. माणसं हसली. घड्याळजी आतच होता, पुरुषांच्या रांगेत, घड्याळाखाली. तो हसला नाही. घरी गेल्यावर तिने हात शेकत एवढंच म्हटलं, “मी धावते, तर तो पुढेच पळतो.”

पुढच्या शनिवारी दुपारी घड्याळजीने चावी दिली, काच पुसली आणि मोठा काटा एक मिनिट मागे घेतला. त्याच्या पुढच्या शनिवारी आणखी एक. असं सात आठवडे. कोणाच्या लक्षातही आलं नाही. घड्याळ चालवण्यात कसब असतंच, पण ते बेमालूम मागे ठेवण्यात त्याहून जास्त असतं. मधले शनिवार बायको हिरमुसून गेलीच नाही; आठव्या शनिवारी आली तेव्हा दार उघडं होतं. तिला खरं वाटेना. पायरीवर उभी राहून तिने दम घेतला, पदराने घाम पुसला आणि आत आली. मग ठोके पडले. त्या रात्री जेवताना ती म्हणाली, “आज थांबला होता तो माझ्यासाठी.”

घड्याळजी घास चावत राहिला. तोंडात घास होता हे एक बरंच झालं.

असं सव्वीस वर्षं चाललं.

या सात मिनिटांनी पुढे काय काय केलं, ते त्याच्या स्वप्नातही नव्हतं. सगळी गल्ली प्रार्थनागृहाच्या ठोक्यावर आपली घड्याळं लावायची. ज्याचं जुळायचं नाही तो घड्याळजीकडे यायचा, “पुढे पळतंय हो फार,” म्हणायचा आणि घड्याळजी मुकाट्याने त्याचंही सात मिनिटं मागे करून द्यायचा. बघता बघता अख्खी गल्ली जगाच्या सात मिनिटं मागून चालायला लागली. लोक नाक्यावर पोहोचायचे तोवर बस गेलेली असायची. “मेला रोज आधीच पळवतो,” म्हणून त्या बसवाल्याला गल्लीने इतक्या शिव्या घातल्या की दुसरा असता तर नोकरी सोडून गेला असता. मग हातोहाती फोन आले. तेव्हाही गल्लीने तोड काढली : फोनवरची वेळ सरकारी, वरची वेळ देवाची. शनिवारी देवाची पाळायची, एरवी सरकारची. कोणाचं काही अडलं नाही.

अडलं ते नव्या चिटणिसाचं. मंडळाचा हा नवा चिटणीस तरुण, स्वच्छ, शिस्तीचा माणूस होता; वाईट मुळीच नव्हता. त्याला फक्त प्रत्येक गोष्ट जिथल्या तिथे लागायची. एका शनिवारी तो हातात फोन धरून घड्याळाखाली उभा राहिला. दुसऱ्या शनिवारीही राहिला. तिसऱ्या आठवड्यात मंडळाची बैठक बसली आणि घड्याळजीला बोलावणं आलं.

लांब टेबलाच्या एका टोकाला अध्यक्ष होते, निवृत्त मास्तर. कोपऱ्यात दारवाला भिंतीला टेकून उभा. घड्याळजीला कोणी बस म्हटलं नाही.

“सात मिनिटं,” चिटणीस म्हणाला. “तुम्ही दर आठवड्याला चावी देता. तुमच्या लक्षात आलं नाही?”

घड्याळजीने खिशातलं भिंग चाचपलं.

“जुने लोक म्हणतात, आधीपासूनच असं आहे. म्हणजे वर्षानुवर्षं आपण सहाची प्रार्थना सहा वाजून सात मिनिटांनी करतोय. सहाला म्हणजे सहाला, असा नियम आहे. मग त्या प्रार्थना गेल्या कुठे?”

“पोस्टात पडल्या असतील,” कोपऱ्यातून दारवाला पुटपुटला. “उशिरा पोहोचतील.”

“तुम्ही गप्प बसा हो,” अध्यक्ष म्हणाले. मग घड्याळजीकडे वळून, जरा मऊ आवाजात : “तुझ्या बापाला मी ओळखत होतो. त्याचं घड्याळ सेकंदानेही हललं नाही कधी. काय झालं, सांग तरी.”

सांगायचं तर एका वाक्यात सांगता आलं असतं. पण ते वाक्य या खोलीत थांबलं नसतं. ते एक्केचाळीस पायऱ्या उतरून, गल्ली ओलांडून, संध्याकाळच्या आत धुलाईखान्याच्या वाफेत शिरलं असतं. तिथे ती उभी होती, जिच्यासाठी देव सव्वीस वर्षं दार धरून थांबला होता.

“हात चुकला,” घड्याळजी म्हणाला.

सुताराने आपल्याला लाकूड ओळखता येत नाही म्हणावं, तसं ते होतं. चिटणिसाने कागदावर काहीतरी लिहिलं. दारवाल्याने मात्र मान वर करून घड्याळजीकडे बराच वेळ पाहिलं. शनिवारी शेवटी कोण आत येतं हे सगळ्या गावात एकाच माणसाला पक्कं ठाऊक होतं, आणि तो दारवाला होता.

आठवड्याच्या आत भिंतीवर नवीन घड्याळ आलं. लाल आकड्यांचं, चावी नसलेलं, कुठूनतरी लांबून आपली वेळ आपणच जुळवून घेणारं. जुनं घड्याळ पोत्यात गुंडाळून घड्याळजीच्या दुकानापुढे आणून ठेवलं गेलं. त्याच आठवड्यात लोक आपापली दुरुस्तीला टाकलेली घड्याळं परत न्यायला लागले. “घाई नव्हती, पण म्हटलं घेऊनच जावं,” असं म्हणत, नजर चुकवत. एक म्हातारा तेवढा सरळ बोलला. “तुझा हात चुकतो रे बाबा आता. वय झालं.” घड्याळजीने त्याचं घड्याळ कागदात नीट गुंडाळून त्याच्या हातात दिलं. ते दोन दिवसांपूर्वीच दुरुस्त झालं होतं.

बायकोच्या कानावर हे सगळं गेलंच. पण तिने त्याचा अर्थ स्वतःच्या पद्धतीने लावला.

“हात चुकला म्हणून एवढं काय?” ती म्हणाली. “आणि तुमचा हात चुकणारा नव्हेच. त्यानेच चुकवला असणार. मला आत घ्यायचं होतं त्याला.”

एवढं बोलताना तिला दोनदा थांबावं लागलं. वाफेने आणि धुण्याच्या औषधांनी तिची छाती गेली दोन वर्षं धरलेली होती. मुकादमबाई आता तिला शनिवारी दहा मिनिटं आधी सोडायची. पण पाऊलही तितकंच हळू पडायला लागलं होतं, त्यामुळे हिशेब होता तिथेच राहिला. नव्या घड्याळाच्या पहिल्या शनिवारी ती वर पोहोचली तेव्हा दार बंद होतं. दुसऱ्या शनिवारी बंद. तिसऱ्या शनिवारी घड्याळजी तिच्यासोबत चालला, तिचं कोपर धरून. “चल, आज लवकर निघालोय,” म्हणाला. पण तिसाव्या पायरीवर ती बसली ती बसलीच, आणि वरून कडी पडल्याचा आवाज त्यांनी दोघांनी ऐकला.

त्यानंतर तिचं वाफेतलं बोलणं घरी ऐकू येईना. एके संध्याकाळी ती मध्येच म्हणाली, “ती अंगठी आठवते तुम्हाला?”

त्याला आठवत नव्हती. कशी आठवणार, पंधरा वर्षं झाली होती. एका उशीच्या अभ्र्यात तिला कोणा रुग्णाची अंगठी सापडली होती. त्या दिवशी तिने ती मुकादमबाईला दिली नाही. घरी आणली, बोटात घालून पाहिली, एक रात्र घातली आणि सकाळी नेऊन दिली.

“तेच असणार,” ती म्हणाली. “दुसरं काही आठवत नाही मला. मी सगळं शोधलं.”

“काय शोधलंस?”

“माझी चूक. अहो, हात त्यानेच चुकवला होता ना तुमचा? मग आता दुरुस्तही त्यानेच करवला. तुमचं नाव गेलं, दुकान बसलं, एवढं सगळं त्याने केलं ते मला बाहेर ठेवायलाच की. कारण असल्याशिवाय करेल का तो?”

घड्याळजी तिच्या तोंडाकडे बघत राहिला. तिचा तर्क घड्याळाच्या चाकांसारखा होता. दाताला दात नीट लागत होता. चूक फक्त पहिल्या चाकात होती, आणि ते चाक त्याने बसवलेलं होतं. गप्प राहिलं तर ती त्या एका रात्रीच्या अंगठीपायी स्वतःला जाळत राहणार. बोललं तर तिचा थांबणारा देव जाणार. इकडे आड, तिकडे विहीर. तो पाणी प्यायला, त्याने भांडं जागेवर ठेवलं.

“त्याने नाही केलं,” तो म्हणाला. “मी केलं.”

मग त्याने सगळं सांगितलं. तिसरा शनिवार, दाराला टेकलेलं कपाळ, आठवड्याला एक मिनिट. सांगताना तो आपल्या हातांकडे बघत होता. बाहेर कोणाचा तरी नळ गळत होता, त्याचे थेंब त्याने सवयीने मोजले; चाळीसपर्यंत गेला.

“म्हणजे तो कधीच थांबला नव्हता,” ती म्हणाली. हा प्रश्न नव्हता.

“अगं...”

“किती मागे होतं?”

“सात मिनिटं.”

“सात कशाला? मला पाच लागायची.”

“दोन पायरीवर दम खायला,” घड्याळजी म्हणाला. “नाहीतर तुला खोकला यायचा आत गेल्यावर. लोक वळून बघायचे.”

तिने भिंतीकडे तोंड केलं. तिचे खांदे हलले. ती हसत होती की रडत होती, ते त्याला मागून कळलं नाही आणि विचारायचा धीर झाला नाही.

अंगठीचं नाव तिने पुन्हा काढलं नाही. ती सल गेली हे खरं. पण तिचे हातही गेले. म्हणजे हात होतेच, पण संध्याकाळी प्रार्थनेला ते एकमेकांकडे जायचे ते थांबलं. शनिवारी सहाच्या सुमाराला ती खाटेवर बसायची, हात मांडीवर, घडी घालून ठेवलेल्या चादरींसारखे. “जायचं का वर? उचलून नेतो,” असं त्याने एकदा विचारलं, तर म्हणाली, “कोणाकडे?” तिच्या आवाजात राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. तिला आता नवरा पूर्वीपेक्षा जवळचा वाटत होता हे त्याला दिसत होतं. ती त्याचा हात धरून बसायची. सव्वीस वर्षांत तशी कधी बसली नव्हती. आणि त्याला मात्र वाटायचं, आपण चोर तर पकडून दिला, पण माल काही परत मिळाला नाही. ज्या शेजाऱ्याशी आपली कधी ओळख नव्हती, त्याचीच आता आठवण यायची. वाफेतला तो, मुकादमबाईच्या कंबरेची चौकशी करणारा. घर त्याच्यावाचून मोठं आणि गार वाटायचं.

जुनं घड्याळ त्याने दुकानामागच्या राहत्या खोलीत आणून भिंतीला लावलं होतं. चालू केलं होतं, पण वेळ दुरुस्त केली नव्हती. का, ते तो स्वतःलाही सांगू शकला नसता.

थंडी उतरणीला लागली तेव्हा ती अंथरुणाला खिळली. एका शनिवारी दिवसभर ग्लानीत होती. संध्याकाळी डोळे उघडले.

“किती वाजले?”

वरून प्रार्थनागृहाच्या दाराची कडी पडल्याचा आवाज नुकताच आला होता. घड्याळजीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

“सहाला सात कमी,” तो म्हणाला.

ती त्याच्याकडे बघत राहिली. तिला फसवता येण्याचे दिवस संपले होते, आणि ते दोघांनाही माहीत होतं.

“मग आहे वेळ,” ती म्हणाली.

पांघरुणाखाली तिचे हात हलले, एकमेकांना सापडले. थंडीने असेल, किंवा दुसऱ्या कशाने. त्याने पांघरूण वर करून पाहिलं नाही. भिंतीवर सहा ठोके पडले तेव्हा तो ते ऐकायला एकटा होता.

तिच्यासाठीची प्रार्थना दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ठरली. मंडळाने अडवलं नाही; चिटणीस स्वतः घरी येऊन गेला, हळहळला आणि जाताना म्हणाला, “सहाला म्हणजे सहाला, एवढं बघा. नियम सगळ्यांना एकच.” धुलाईखान्यातल्या बायका आल्या. त्यांनी आपल्या हातची, कडक इस्त्रीची पांढरी चादर आणली होती. चौघांनी तिला खांद्यावर घेतलं. वेळेत निघाले, पण पायऱ्यांवर गाडं अडलं. पंधराव्या पायरीवर एकाचा पाय घसरला, खांदा बदलावा लागला. तिसाव्या पायरीवर सगळेच थांबले. घड्याळजी मागे होता. त्याने वर पाहिलं नाही. वर पाहायचं कारण उरलं नव्हतं. सहा केव्हाच वाजले होते, हे त्याला घड्याळाशिवाय कळत होतं.

वरून बोलणं ऐकू येत होतं.

“सहा होऊन गेले,” चिटणिसाचा आवाज. “दार लावा.”

“लावतोय ना.”

“मग लागत का नाही?”

“कडी बसत नाहीये,” दारवाला म्हणाला. “सारखा हात चुकतोय माझा.”

“असा कसा चुकतो? चाळीस वर्षं लावताय!”

“चुकतो हो,” दारवाला म्हणाला. “माणसाचा हात आहे. तुम्ही लावून बघता का?”

चिटणिसाने ते केलं नाही. त्याला जिन्यावरून पांढरी चादर वर येताना दिसत होती.

चौघे वर पोहोचले आणि उघड्या दारातून आत गेले. मागून धुलाईखान्याच्या बायका गेल्या. दारवाला घड्याळजीसाठी दार धरून उभा राहिला. सव्वीस वर्षं ज्या गोष्टीची ती साक्ष द्यायची ती अशी दिसत असावी : एक म्हातारा, दाराला खांदा लावलेला, तोंडावर काहीच नाही.

“या,” दारवाला म्हणाला. “तुमच्यासाठीच थांबलोय.”

घड्याळजीने मान हलवली. त्याला आत जायचं होतं. पण एक्केचाळीस पायऱ्यांचा दम तसाच घेऊन आत गेलं असतं तर लोकांनी वळून बघितलं असतं.

“तुम्ही व्हा पुढे,” तो म्हणाला. “मी दोन मिनिटं बसतो.”

आत प्रार्थना सुरू झाली. तो वरच्या पायरीवर, ती जिथे उभी राहायची तिथे, दम खात बसला.